मोठा टर्बो आणि रोजची ऑक्टाविया: आधी गिअरबॉक्सला विचारा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: २०१६ ची स्कोडा ऑक्टाविया १.८ टीएसआय (टर्बो पेट्रोल), सात गिअरची डीएसजी (दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स), ८२,००० किलोमीटर झालेली. रोज पुण्यात वाकड ते खराडी आणि परत, महिन्यातून दोनदा कोल्हापूर. ओळखीतल्या एकाकडे व्हीआरएसचा (ऑक्टावियाच्याच जास्त ताकदीच्या आवृत्तीचा) आयएस २० टर्बो आलाय, म्हणजे एक्झॉस्टच्या जोरावर इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंखा, स्वस्तात देतोय. तो बसवून २५० पीएसपर्यंत (पीएस म्हणजे साधारण हॉर्सपॉवर) जायचंय, पण "सोमवारी सकाळी गाडी निघालीच पाहिजे."

ते शेवटचं वाक्य लिहिलंत म्हणून मी एवढं सविस्तर लिहायला बसलोय. नाहीतर "बसतो, बसवा" एवढंच उत्तर होतं. भोसरीत माझं गॅरेज आहे, सतरा वर्षं झाली, आणि त्यातली निम्मी वर्षं टर्बोच्या गाड्यांतच गेली. मोठा टर्बो बसवून घ्यायला येणारा प्रत्येक जण टर्बोबद्दल विचारतो. दोन वर्षांनी तीच गाडी दुरुस्तीला येते तेव्हा टर्बो बहुतेक वेळा ठणठणीत असतो. बसलेलं असतं दुसरंच काहीतरी.

तर टर्बोचं आधी उरकून टाकू. तुमचं इंजिन फोक्सवॅगन समूहाच्या ईए ८८८ घराण्याच्या तिसऱ्या पिढीचं आहे आणि व्हीआरएसचं २.० लिटरही त्याच घराण्यातलं. तुमच्या गाडीत कंपनीचा आयएस १२ आहे. आयएस २० त्याच्या जागी बोल्टाला बोल्ट बसतो. २०१७ मध्ये आपल्याकडे आलेल्या व्हीआरएसमध्ये हाच टर्बो २३० पीएस आणि ३५० न्यूटन मीटर टॉर्क (फिरवण्याचा जोर) देतो. तेव्हा इंजिनाच्या बाजूने पाहिलं तर तुमची मागणी काही अचाट नाही.

पण त्या व्हीआरएसच्या मागे सहा गिअरचा, तेलात बुडालेल्या क्लचचा डीएसजी आहे. तुमच्याकडे डीक्यू २०० आहे: सात गिअर, कोरडा क्लच. कंपनीने त्याची मर्यादा २५० न्यूटन मीटर ठरवलीय आणि तुमचं इंजिन कारखान्यातून बाहेर पडतानाच बरोब्बर २५० देतं. म्हणजे पेला कंपनीनेच काठोकाठ भरून दिलाय, आणि तुम्ही विचारताय अजून किती ओतू.

या गिअरबॉक्समध्ये दोन कोरड्या क्लच प्लेट असतात. एक विषम गिअरसाठी, दुसरी सम गिअर आणि रिव्हर्ससाठी. शहरात चाललेल्या गाडीचा गिअरबॉक्स उतरवला की पहिल्या-तिसऱ्या गिअरची प्लेट कायम जास्त झिजलेली दिसते, कारण रांगायचं काम तिचंच. झाकण काढताच करपलेल्या ब्रेक लायनरचा वास नाकात जातो, आत काळी भुकटी साचलेली असते, आणि लोखंडी प्रेशर प्लेटवर निळे-जांभळे चट्टे उठलेले असतात. मी हे काहीही न बदललेल्या गाड्यांबद्दल सांगतोय. तुमचा रोजचा रस्ता म्हणजे एका टोकाला वाकडचा सिग्नल, दुसऱ्या टोकाला खराडी बायपास आणि मध्ये अख्खं पुणं. तो क्लच आत्ता कोणत्या अवस्थेत आहे हे बघितल्याशिवाय टर्बोचा विषय काढणं म्हणजे लग्नाआधी बारशाची तयारी.

आता मुद्द्याचं. लोक पीएसच्या आकड्यामागे धावतात, पण क्लच, कनेक्टिंग रॉड, पिस्टन यांना मार बसतो टॉर्कचा, त्यातही कमी आरपीएमच्या (इंजिनाचे मिनिटाला फेरे) टॉर्कचा. दोन्हींचं नातं शाळेतल्या गणिताइतकं सोपं आहे: न्यूटन मीटर गुणिले आरपीएम, भागिले ७,०२३, की आला पीएस. तुमची गाडी आज २५० न्यूटन मीटर साधारण ५,००० आरपीएमपर्यंत धरून ठेवते, त्याचे होतात १७८ पीएस, कंपनीच्या १८० च्या जवळपास. त्यापुढे छोट्या टर्बोला दम लागतो आणि टॉर्क उतरायला लागतो.

समजा मोठा टर्बो बसवला आणि टॉर्क २८० वरच अडवला, पण तो ६,००० आरपीएमपर्यंत पडू दिला नाही. २८० गुणिले ६,००० भागिले ७,०२३ म्हणजे २३९ पीएस. कंपनीपेक्षा जवळजवळ साठ पीएस जास्त, आणि टॉर्क वाढला फक्त तीस. याउलट त्याच टर्बोला ३,००० आरपीएमला ३८० न्यूटन मीटर द्यायला लावलं तर हिशेबाने होतात १६२ पीएस. आकडा म्हणून काहीच नाही, पण सीटवर पाठ आपटते, मित्र "वा!" म्हणतो, आणि क्लच त्याच क्षणी घसरलेला असतो.

म्हणून मोठ्या टर्बोचा उपयोग मी उलटा करतो. वरच्या आरपीएमला टॉर्क धरून ठेवायचा आणि खाली मुद्दाम आवरायचा. पहिल्या दोन गिअरमध्ये २५० च्या वर जायचंच नाही, तिसऱ्यापासून २८०, आणि तोही २,५०० आरपीएमनंतर हळूहळू चढवायचा. गिअरप्रमाणे अशी मर्यादा मॅपमध्ये (इंजिनाच्या कॉम्प्युटरमधल्या सेटिंगमध्ये) घालता येते. जो ट्यूनर म्हणेल की याची काही गरज नाही, त्याला नमस्कार करून निघा. आणि हे २८० सुद्धा कंपनीच्या मर्यादेच्या वर आहे, हे मी लपवत नाही. माझ्याकडच्या गाड्यांनी ते सोसलंय, क्लच आधीपासून चांगला असेल आणि चालवणारा शहाणा असेल तर. २५० पीएस हवेच म्हणालात तर गिअरबॉक्सची हमी मी देणार नाही.

खालचा टॉर्क आवरायला आणखी एक कारण आहे. थेट सिलिंडरमध्ये पेट्रोल फवारणाऱ्या टर्बो इंजिनांत १,५०० ते २,००० आरपीएमला भरपूर बूस्ट (टर्बोने दिलेला हवेचा दाब) मागितला की कधीकधी भिंतीवरून उडालेला ऑइल-पेट्रोलचा एखादा थेंब ठिणगीच्या आधीच पेटतो. पिस्टन अजून वर येत असतो आणि स्फोट त्याला खाली ढकलत असतो. नेहमीच्या नॉकिंगसारखा टकटक आवाज करून ते इशारा देत नाही. एखादा दणका बसतो आणि रिंगांमधली पिस्टनची कड तुटते. चढावर वरच्या गिअरमध्ये दाबून पाय देणाऱ्यांच्या गाड्या अशा मरतात. टॉर्क उशिरा आला तर हा धोका आपोआप कमी होतो.

मोठा टर्बो अर्ध्या ताकदीवर चालवायचा तर मग बसवायचाच कशाला, असं तुम्ही म्हणाल. उष्णतेसाठी. हवा दाबली की तापते, आणि किती तापते ते कॉम्प्रेसर (टर्बोचा हवा दाबणारा भाग) त्याच्या सोयीच्या पट्ट्यात आहे की धापा टाकतोय यावर ठरतं. पुण्यात बाहेर ३५ अंश धरा आणि हवा २.२ पट दाबा. आपण समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटर वर आहोत, त्यामुळे गेजवर हे साधारण १.१५ बार दिसेल. कॉम्प्रेसरची कार्यक्षमता ७५ टक्के असेल तर हवा बाहेर पडते १४० अंशांच्या आसपास. छोट्या टर्बोला तेच काम करायला लावलं आणि कार्यक्षमता ६० वर घसरली तर १६५. हे पंचवीस अंश आधी इंटरकूलरच्या (दाबलेली हवा गार करणाऱ्या जाळीच्या) डोक्यावर बसतात, मग पिस्टनच्या. शिवाय छोटी टर्बाइन (टर्बोचं एक्झॉस्टवर फिरणारं चाक) वरच्या आरपीएमला एक्झॉस्ट अडवून धरते, ती उष्णता वेगळीच. आयएस १२ ला पिळून २२० पीएस काढण्यापेक्षा आयएस २० ला निवांत ठेवून तेवढेच काढणं इंजिनाला सुखाचं जातं. मोठ्या टर्बोला माझा पाठिंबा एवढ्यापुरताच.

तुमच्या बाबतीत बरंचसं "गाडीची आजची तब्येत कशी" यावर अवलंबून आहे, आणि ती मी इथे बसून सांगू शकत नाही. माझ्याकडे गाडी आली तर पहिले दोन दिवस टर्बोला हातही लावत नाही. चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन आणि लीकडाउन (दाब किती धरतो आणि किती गळतो ते) बघतो. आकडा थोडा कमी असला तरी चालेल, पण चौघांत सारखेपणा हवा. इनटेक वाल्व्हवर कार्बन किती साचलाय ते कॅमेऱ्याने बघतो. थेट इंजेक्शनचं पेट्रोल तिथे पोचत नाही, त्यामुळे ८० हजारांवर जाड थर साचलेला असू शकतो. पीसीव्ही वाल्व्ह (इंजिनातली ऑइलची वाफ परत इनटेकमध्ये नेणारा) बघतो. आणि या इंजिनाचा लाडका आजार म्हणजे वॉटर पंप-थर्मोस्टॅटचं प्लास्टिकचं घर. ते गळतं, आधी थेंबथेंब आणि मग घाटात. तिसऱ्या पिढीत एक्झॉस्ट मॅनिफोल्ड हेडमध्येच ओतलेला आहे, म्हणजे एक्झॉस्टची बरीचशी उष्णता थेट कूलंटमध्ये उतरते. ताकद वाढवली की पहिला बोजा कूलंटवर येतो. खंबाटकी घाट मे महिन्यात, चार माणसं, एसी चालू, अशी परीक्षा मनात धरून ते घर मी न विचारता बदलतो.

जुना टर्बो घेताना शाफ्ट बोटाने हलवून बघतातच सगळे. आडवा किंचित हलला तर घाबरू नका, तो ऑइलच्या थरावर तरंगतो, तेवढी जागा असायलाच हवी. पुढे-मागे हललेला जाणवला तर मात्र घेऊ नका. कॉम्प्रेसर चाकाच्या पात्यांच्या कडा नखाने चाचपा. खरवडलेल्या असतील तर त्याने कधीतरी धूळ खाल्लीय. वेस्टगेटच्या (जादा एक्झॉस्ट टर्बोला वळसा घालून सोडणाऱ्या झडपेच्या) दांड्याला ढिलेपणा असेल तर थंडीत सकाळी खडखड वाजेल. आणि नवाकोरा आयएस २० निम्म्या किमतीत मिळत असेल तर तो ज्या डब्यात आलाय त्या डब्यापेक्षा जास्त काही नाही असं समजा. नाना पेठेत काय किंवा ऑनलाइन काय, नक्कल सगळीकडे मिळते, आणि लाखाच्या वर आरपीएमने फिरणाऱ्या शाफ्टचं बॅलन्सिंग डोळ्याला दिसत नाही.

आता माझीच एक फजिती. सुरुवातीच्या काळात एका स्कोडा लॉराला मोठा टर्बो बसवला. काम नीट झालं, गाडी सुंदर ओढत होती, मीच खोपोलीपर्यंत जाऊन आलो. चारशे किलोमीटरनंतर मालकाचा फोन आला: द्रुतगती मार्गावर मागून निळा धूर, आरशात काही दिसत नाही. टर्बो उतरवला तर शाफ्ट निळा पडलेला आणि बेअरिंग चाटून गेलेलं. कारण शोधायला दीड दिवस लागला. टर्बोला ऑइल देणाऱ्या बारीक नळीच्या तोंडाशी नारिंगी सिलिकॉनचा एक धागा, शेवयीएवढा. माझ्या पोराने फ्लॅंजला गॅस्केटबरोबर "सेफ्टीसाठी" सिलिकॉन लावलं होतं, आणि मी ते बघून गप्प बसलो होतो. नवा टर्बो माझ्या खिशातून गेला. तेव्हापासून ऑइलच्या वाटेवर सिलिकॉन बंद, नळी दर वेळी नवी, आणि पहिल्यांदा चालू करताना इंजेक्टर बंद ठेवून नुसतं फिरवायचं, ऑइलचा दाब आला की मगच आग द्यायची. परतीची नळीसुद्धा तितकीच महत्त्वाची. ती दबली किंवा वर-खाली झाली तर नवा टर्बोही ऑइल ओकतो आणि लोक टर्बोला शिव्या घालतात.

बसवल्यावर वेस्टगेटच्या इलेक्ट्रिक मोटरचं कॅलिब्रेशन स्कॅनरवरून करावं लागतं. ते विसरून "बूस्ट कमी येतोय" म्हणत आलेल्या दोन गाड्या मी पाच मिनिटांत सोडल्या आहेत. स्पार्क प्लग एक पायरी थंड, गॅप थोडी कमी. इंटरकूलर मोठा हवाच, पण हवेची वाट न अडवणारा. नुसता जाड ठोकळा लावला तर त्याच्या मागचा रेडिएटर उपाशी राहतो.

डाउनपाइपचा (टर्बोनंतरच्या एक्झॉस्ट पाइपचा) प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण विकणारा विचारेलच. त्यातला कॅटलिस्ट (धूर साफ करणारा भाग) काढू नका. पीयूसी हे एक कारण झालंच, शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ तपशिलाशी जुळणार नाही असा बदल करता येत नाही. विमा कंपनीला न सांगता केलेल्या बदलाचं काय होतं ते क्लेमच्या दिवशी कळतं. शिवाय २४० पीएससाठी मूळ कॅटलिस्ट आड येत नाही. मग त्या वासाची आणि आवाजाची हौस कशाला?

पेट्रोलबद्दल. तुम्ही लिहिलंय की सुट्टीच्या दिवशी १०० ऑक्टेन टाकता. टाका, पण मॅप मात्र तुमच्या वाटेवर मिळणाऱ्या सगळ्यात वाईट पेट्रोलवर करून घ्या. रात्री साताऱ्याच्या पुढे टाकी रिकामी झाली की जे मिळेल ते भरणार, तेव्हा इंजिनाला कळत नाही की आज सुट्टी आहे. ई २० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) आल्यापासून साध्या पेट्रोलचा ऑक्टेन कागदावर ९५ झालाय. पूर्वीच्या ९१ पेक्षा नॉकिंगच्या बाबतीत हे बरंच. पण इथेनॉलमध्ये ऊर्जा कमी, त्यामुळे तेवढ्याच ताकदीला सहा-सात टक्के जास्त इंधन लागतं, आणि ते पुरवायचं काम कंपनीच्याच हाय प्रेशर पंपाला करावं लागतं. म्हणून लॉगमध्ये (गाडी चालताना नोंदलेल्या आकड्यांत) मी सगळ्यात आधी रेलचा, म्हणजे इंजेक्टरना पेट्रोल देणाऱ्या नळीचा, दाब बघतो. मागितलेला आणि मिळालेला यांत वरच्या आरपीएमला फट पडायला लागली की तिथेच थांबायचं, बूस्ट आणखी वाढवायचा नाही. दुसरं बघतो ते प्रत्येक सिलिंडरचं इग्निशन (ठिणगीची वेळ) नॉकिंग टाळायला किती मागे खेचलं जातंय. एखाद-दुसरा अंश ठीक आहे. तीन-चार अंश वारंवार आणि नेमक्या एकाच सिलिंडरला दिसले तर तिथे काहीतरी दुखतंय. आणि हे मोजायचं दुपारी दोन वाजता, गाडी तापल्यावर. पहाटे पाच वाजता काढलेला लॉग म्हणजे नटून-थटून काढलेला फोटो.

पैशांचा अंदाज विचारलात. गाडीगणिक फरक पडतो म्हणून रकमेऐवजी प्रमाण सांगतो: टर्बोला एक रुपया धरलात तर बाकीच्यासाठी दोन बाजूला ठेवा. त्यात इंटरकूलर, प्लग, नळ्या-गॅस्केट, वॉटर पंप, कार्बन सफाई, मॅप आणि डायनोचे (ताकद मोजायच्या यंत्राचे) तास आले. क्लच पॅक (क्लचचा पूर्ण संच) त्यात धरलेला नाही. तो लागलाच तर एकूण हिशेब इतका वाढतो की कधीकधी मी गिऱ्हाईकाला सरळ सांगतो, ही गाडी चांगल्या भावात विका आणि जुनी व्हीआरएस बघा. ओला क्लच, मोठे ब्रेक आणि हाच टर्बो, सगळं कंपनीनेच जुळवलेलं. धंदा जातो, पण माणूस परत येतो.

नंतरच्या सवयींत दोनच गोष्टी धरून ठेवा. इंजिन ऑइल बदलायला कंपनीने सांगितलेल्या १५,००० किलोमीटरपर्यंत थांबू नका, ७,५०० ला बदला, आणि तेही कंपनीने मान्य केलेलंच घाला. आणि ट्रॅफिकमध्ये पुढच्या गाडीला चिकटून इंच-इंच रांगू नका. गाडीभर जागा पडू द्या, मग एकदाच पुढे जा, आणि थांबलात की ब्रेक नीट दाबून ठेवा, म्हणजे डीएसजी क्लच पूर्ण सोडतो. मध्ये रिक्षा घुसेल. घुसू द्या.

तुमच्या जागी मी असतो तर तो टर्बो बघून, चांगला असेल तर घेऊन ठेवला असता आणि लगेच बसवला नसता. आधी पंप, पीसीव्ही, कार्बन, प्लग आणि नवं ऑइल. मग गाडी आहे तशी डायनोवर न्या. चौथ्या गिअरमध्ये २,००० ते ६,००० आरपीएमचे तीन पुल (पूर्ण अॅक्सिलरेटर देऊन केलेल्या धावा), लागोपाठ, मध्ये थंड न होऊ देता. लॉगमध्ये रेलचा दाब, चारही सिलिंडरचं इग्निशन आणि इनटेकचं तापमान असू द्या. स्कॅनरवर क्लचच्या अॅडॅप्टेशनचे (झिजेप्रमाणे जुळवून घेतल्याचे) आकडे दिसतात, त्या पानाचाही फोटो काढा. ते सगळं पाठवलंत की टर्बो बसवायचा की त्याच पैशात क्लच पॅक घ्यायचा, ते आकडे बघून सांगतो.